राणीछाप रुपयाची कड

"लडकी को रहने दीजिए जी, वो कहां बोलेगी. आप ही शुरू कीजिए."

खन्नासाहेब हे हळूच म्हणाले होते. पण तुमच्या बाहेरच्या खोलीत हळू बोललेलं स्वयंपाकघरात जास्त स्पष्ट ऐकू येतं, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मी आत काकूंच्या शेजारी उभी राहून चहा गाळत होते. काकूंनीही ऐकलं. माझ्याकडे न बघता त्यांनी गाळणीतला चोथा चमच्यानं दाबला आणि म्हणाल्या, "गुरबचनसिंगजींच्या कपात साखर नको घालूस."

बाहेर तुमचं घडीचं टेबल मांडलं होतं. त्यावर तोच हिरवा कपडा, मेसच्या बिलियर्ड टेबलावरून निघालेला, एका कोपऱ्यात तुमच्या सिगारेटचं भोक. तुमच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. गुरबचनसिंगजींनी तिच्या पाठीवर आपला मफलर टाकला होता, बसमध्ये जागा धरायला रुमाल टाकतात तसा.

काका, तुम्ही गेल्यानंतर ते टेबल पहिल्यांदाच मांडलं होतं, आणि पहिल्याच वाक्याला तुमचा नियम मोडत होता.

तुमच्या टेबलाला तसा एकच नियम. नाणं सगळ्यांच्या हातून फिरेल, पण मत आधी धाकट्यानं द्यायचं. मी पहिल्यांदा आले त्या दुपारी तुम्ही तो मला समजावून सांगितलात. "कोर्टमार्शलमध्ये सगळ्यात ज्युनिअर ऑफिसर आधी बोलतो. का? कर्नल आधी बोलला, तर लेफ्टनंटाला मत उरतंच कुठं? उरतं नुसतं 'येस सर'." मग डोळे बारीक करून म्हणालात, "आता इथं ज्युनिअर कोण, ते बघ की."

मी बघितलं. बँकेतून रिटायर व्हायला टेकलेले खन्नासाहेब, मांडीवर त्यांचा जाडजूड इंग्रजी कॅटलॉग. सेक्टर बावीसमधलं कापडाचं दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले गुरबचनसिंगजी. आणि तुम्ही, मेजर म्हणून निवृत्त होऊन कराडला परत न जाता या सरळ रस्त्यांच्या गावात राहिलेले. मी युनिव्हर्सिटीत एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. पळायला वाट नव्हती.

तुमच्या टेबलापर्यंत मी पोचले ती गणपतीतल्या आरतीच्या ताटामुळे. बाबा इन्स्टिट्यूटच्या हॉस्पिटलात डॉक्टर आणि तुम्ही त्यांचे न ऐकणारे पेशंट, एवढीच आपल्या घरांची ओळख. आरतीचं ताट माझ्यापुढे आलं. त्यात कुणीतरी पूजेतला जुना चांदीचा रुपया ठेवला होता. लखलखीत, पण चेहऱ्याला नाक नाही, डोळे नाहीत. मी ताटाकडेच बघत राहिले आणि तुम्ही माझ्याकडे. "काय दिसलं?" तुम्ही विचारलंत. मी इंग्रजीत सांगितलं, हे कुणीतरी खूप प्रेमानं संपवलंय. तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की आरती म्हणणाऱ्या बायकांनी वळून बघितलं. "चिंच," तुम्ही म्हणालात. "दर सणाला चिंच लावून घासलेलं दिसतंय. पोरी, रविवारी दुपारी ये. आणि मराठीत बोलायचं."

मराठीचं मात्र जमलं नाही. तुम्ही मराठीत विचारायचात, मी इंग्रजीत उत्तर द्यायची, कधी हिंदीत. शाळेत ननांनी शिकवलेली वाक्यं माझ्या तोंडात तयार असायची. मराठीतली मला दर वेळी नव्यानं बांधावी लागायची आणि तोवर समोरच्याचं बोलून झालेलं असायचं. "कशी आहेस?" तुम्ही विचारायचात. मी म्हणायची, "फाइन." "नाण्यात फाइन म्हणजे निम्मं झिजलेलं," तुम्ही म्हणायचात. "कशानं झिजलीस, ते सांग." मी हसायची. एकदाही सांगितलं नाही.

खन्नासाहेबांच्या कॅटलॉगात नाण्याची प्रत सांगायच्या पायऱ्या इंग्रजी होत्या. खाली फाइन, मग व्हेरी फाइन, मग एक्स्ट्रीमली फाइन, आणि सगळ्यात वर अनसर्क्युलेटेड, म्हणजे बाजारात फिरलेलंच नाही असं. तुमच्या पायऱ्या तुमच्या होत्या: झिजलेलं, बाजार बघितलेलं, पेटीतलं, कोरं. टेबलावर दोन्ही चालायचं. आणि टेबलावर काहीही ठेवलं तरी मी एकच म्हणायची. "व्हेरी फाइन."

ती मधली पायरी होती. ती म्हटली की कुणी फार हसत नाही आणि फार भांडतही नाही.

"लो जी," खन्नासाहेब म्हणायचे, "मिस व्हेरी फाइन का फैसला आ गया. अब हम लोग देख लें?"

"खन्ना, एक दिन ये लडकी तेरी पूरी किताब उलटी कर देगी," तुम्ही म्हणायचात. मला वाटायचं, जमीन दुभंगली तर बरं.

खरं मत मी घरी परतायच्या वाटेवर सांगायची. तुम्ही मला सोडायला यायचात, पण बोलायची मी. अंधारायच्या आत सगळ्यांना आपापल्या घरी जायचं असायचं, त्यामुळे आपण भरभर चालायचो. बँकेपुढची वाळूची पोती, कडुलिंबाखाली खाटेवर बसलेले सीआरपीचे जवान, आणि 'लावारिस वस्तूंना हात लावू नका' हा बोर्ड ओलांडून. त्या वाटेवर मी सांगायची की गुरबचनसिंगजींचा नानकशाही, म्हणजे शीख राज्यातला हातानं ठोकलेला रुपया झिजलेला नाहीच. खन्नासाहेबांनी त्याला फाइनमध्ये टाकलं, ते चूक. तो एका बाजूला सपाट दिसतो, पण त्याच्या बरोबर मागची जागाही सपाट आहे, आणि दोन्हीकडे धातू खडबडीत आहे. हाताळून झिजला असता तर गुळगुळीत झाला असता. हातोडाच तिरका पडला असणार. जन्मतःच तसा आहे तो.

तुम्ही रस्त्यात थांबलात. "हे तिथं का नाही सांगितलंस?"

"They would have argued, काका."

"अगं, भांडायलाच तर जमतो आम्ही!"

पुढच्या रविवारी तुम्ही ते मत टेबलावर मांडलंत, पण माझं म्हणून नाही आणि तुमचं म्हणूनही नाही. "एका जाणकारानं सांगितलंय," एवढंच म्हणालात. खन्नासाहेबांनी भिंग लावून दोन्ही बाजू पुन्हा बघितल्या आणि नाणं एक पायरी वर गेलं. गुरबचनसिंगजी त्या जाणकाराला जिलेबी पोचवायची म्हणून पत्ता मागत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काका, त्या दिवशी मी तुमच्यावर जो विश्वास टाकला, तो नंतर परत काढून घेतला नाही.

गेल्या उन्हाळ्यात अतिरेक्यांनी बसमधून माणसं उतरवून मारली, त्यात खन्नासाहेबांच्या ओळखीतलं एक घर होतं. त्याच सुमाराला गुरबचनसिंगजींच्या पुतण्याला पोलिसांनी नेलं आणि तो कुठे आहे ते महिनाभर कुणी सांगितलं नाही. दोघंही टेबलावर यायचे राहिले नाहीत. पण एकमेकांशी बोलायचे राहिले. मला हे उशिरा कळलं, कारण टेबल चालूच होतं. मी "व्हेरी फाइन" म्हणायची. खन्नासाहेब माझ्याकडे बघून म्हणायचे, "नहीं बेटा, गाल देखो, गाल घिस गया है". गुरबचनसिंगजी माझ्याकडे बघून म्हणायचे, "पुत्तर, गाल छड, एहदी आवाज सुण," आणि नाणं बोटाच्या टोकावर तोलून त्याला पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारायचे. दोघंही माझ्याशीच भांडायचे. मी मधे असल्यामुळे त्यांना एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं.

"बघितलंस?" तुम्ही वाटेत म्हणालात. "तू काही बोलत नाहीस, तरी टेबल तुझ्यावर उभं आहे. बोललीस तर काय होईल?"

मी म्हटलं, it might fall. तुम्ही वर बघून "पाऊस येणार" एवढं म्हणालात. आभाळ स्वच्छ होतं.

आता तुमच्या त्या रुपयाबद्दल.

तो राणीछाप रुपया तुम्ही वर्षातून एकदाच, दिवाळीनंतरच्या रविवारी काढायचात. लहानशी गोल डबी, आत जांभळी मखमल, मखमलीत खाच आणि खाचेत राणी. कानाजवळचा केस न केस सुटा. गालावर चमक, आणि डबी उजेडात कलवली की ती चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरायची. खन्नासाहेब डबीतच बघून मान हलवायचे. गुरबचनसिंगजी हात जोडायचे. "मेजर साहब, ऐ तां सिद्धी टकसाल चों आई ए." थेट टांकसाळीतून आलेली, असं.

पण डबीतून बाहेर तो फक्त माझ्यासाठी यायचा. "हिला हातात घेऊन बघू द्या," तुम्ही म्हणायचात आणि स्वतः काढून माझ्या तळहातावर ठेवायचात. नाणं कडेनं धरायचं, चेहऱ्याला बोट लावायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही इतर नाणी धरायचात तेव्हा बोटं फिरत राहायची. राणीछाप धरताना तुमचा अंगठा एकाच जागी असायचा, मुकुटाच्या अगदी वर. नाणं माझ्या हातावर टेकलं की शेवटी तो अंगठा उचलायचा.

गेल्या दिवाळीला मी त्या जागी माझा अंगठा ठेवला. ठरवून नाही, नाणं तसंच हातात आलं. या रुपयाच्या कडेला बारीक उभ्या रेघा असतात, यंत्रानं पाडलेल्या, एकीसारखी दुसरी. मुकुटाच्या वर त्यातल्या काही रेघा किंचित तिरक्या लागल्या. डोळ्याला दिसल्या नसत्या. बोटाला लागल्या. म्हणजे तिथे कधीतरी कडी जोडलेली होती, ती कुणीतरी काढली होती, आणि एखाद्या हुशार सोनारानं जागा भरून हातानं नव्या रेघा घातल्या होत्या.

मी मान वर केली. तुम्ही माझ्याकडे बघत होता.

"व्हेरी फाइन," मी म्हटलं.

खन्नासाहेब हसले. मग त्यांनी एक्स्ट्रीमली फाइन म्हटलं, गुरबचनसिंगजींनी त्याहून वरचं काहीतरी पंजाबीत म्हटलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि डबी मिटलीत. त्या संध्याकाळी चालताना मी दुसऱ्याच एका पैशाबद्दल बोलले. तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटलं, तुम्हाला माहीत नाही. मला वाटलं, एखाद्या माणसाकडे एक तरी गोष्ट अशी असावी, जिच्या कडेला कुणी बोट लावू नये.

मग पिंजौर झालं. तेच आपलं शेवटचं भांडण.

कुणा भांडीवाल्याकडे जुने रुपये आलेत असं गुरबचनसिंगजींना कळलं होतं. तुम्ही मला बरोबर घेतलंत, आई नको म्हणत असताना. "परत चारच्या आत," तुम्ही तिला सांगितलंत, आणि ती तुमच्यापुढे कधी काही बोलू शकली नाही. सेक्टर सतरातल्या स्टँडवरून बस. पिंजौरच्या बाजारात पितळेच्या घागरींच्या मागे त्या माणसानं एक पुरचुंडी सोडली. रुपयेच रुपये, सगळे काळपट, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कडी. काही कड्यांत अजून तुटका दोरा होता.

"हमेल," गुरबचनसिंगजी म्हणाले. मला कळलं नाही असं पाहून त्यांनी स्वतःच्या छातीवर हातानं गोल काढला. "साडी बीबियां गळे विच पांदियां सी. पूरी माळा रुपयों की. मेरी बेबे के पास थी." हमेल म्हणजे त्यांच्याकडच्या बायकांच्या गळ्यातली रुपयांची माळ, आणि बेबे म्हणजे त्यांची आई. ते एक नाणं उचलून त्याचा दोरा बोटानं सरळ करत राहिले.

तुम्ही मला विचारलंत, "काय म्हणतेस?"

दुकानदार दूर होता आणि गुरबचनसिंगजी आपल्याच नादात, म्हणून मी खरं बोलले. No grade, काका. कडी जोडली की नाण्याची प्रत संपते. They're damaged.

"मराठीत सांग."

"मराठीत damaged ला काय म्हणतात?"

"खराब म्हणशील याला? बघ की. कुणा बाईच्या गळ्यावर आयुष्यभर होतं हे. बाजारात फिरलं असतं तर झिजून गेलं असतं. तिनं घातलं म्हणून राहिलं."

मी म्हटलं, history is one thing, condition is another. ती बाई कुणीही असो, कडी ती कडीच. एकदा आपण कणव म्हणून पायरी वाढवली, की मग पायऱ्या कशाला? मी बहुतेक जोरात बोलले, कारण दुकानदारानं वळून बघितलं. तुम्ही खूश दिसत होता, याचा मला राग आला.

"कंडिशन वेगळी, मान्य," तुम्ही म्हणालात. "पण damaged नाही. दुसरा शब्द शोध. सापडला की टेबलावर सांग."

तुम्ही ती सगळी पुरचुंडी घेतलीत. गुरबचनसिंगजींनी ती आपल्या पिशवीत ठेवली. आणि परतीच्या वाटेवर नाका लागला.

जवान बसमध्ये चढला, त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि एकाच माणसापाशी थांबला. "सरदारजी, नीचे." पिशवी जड होती, आत धातू वाजत होता. खिडकीतून मला दिसलं, त्यानं पुरचुंडी जीपच्या बॉनेटवर ओतली. गुरबचनसिंगजी हात खाली सोडून उभे होते. बसमध्ये कुणी म्हणालं, "देर करेंगे ये लोग." 'ये लोग' म्हणजे कोण, ते त्यानं सांगितलं नाही.

तुम्ही उठलात. कुणी बोलावलं नसताना खाली उतरलात आणि चालत जीपपाशी गेलात. जवान एक रुपया चिमटीत धरून उन्हात बघत होता.

"किनारे से पकडो, जवान," तुम्ही म्हणालात. "मुंह पे उंगली नहीं लगाते."

"आप कौन?"

"मैं इनके साथ हूं."

"तो आप भी इधर खडे हो जाइए."

तुम्ही गुरबचनसिंगजींच्या शेजारी उभे राहिलात. ब्लडप्रेशरची गोळी चुकलेली, डोक्यावर ऊन. मी पण उतरले. तुमच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. जवानानं आपल्या तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. ही कसली टोळी, असं त्याला वाटलं असणार. वरिष्ठ आला, त्यानं तुमचं ओळखपत्र बघून सलाम ठोकला. तुम्ही सलाम घेतला नाहीत. "पहले इनसे बात कीजिए," म्हणालात. "सामान इनका है."

आपण तिघांनी बॉनेटवरून रुपये वेचले. एकेक, कडेनं धरून. बसमध्ये बसल्यावर गुरबचनसिंगजी खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मेजर साहब, आज तो हम दोनों भी अनसर्क्युलेटेड नहीं रहे," आणि तुम्ही दोघं असे हसलात की पुढच्या सीटवरचं बाळ रडायला लागलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. लोक आले, बोलले. तुमच्या पलटणीबद्दल, शिस्तीबद्दल, पेन्शनच्या कागदांबद्दल. बाबा, जे कधी हरत नाहीत, ते जिन्यावर बसून राहिले होते. मी काकूंच्या घरी कपबशा धूत होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. नाण्याला आलेला काळा रंग पुसायचा नसतो, तो वर्षानुवर्षं हवेनं चढवलेला असतो, तोच त्याचं आतलं रूप राखतो, असं तुम्ही एकदा सांगितलं होतंत. तेव्हा मी विचारलं होतं, आणि आत काही नसेल तर? "असतं," तुम्ही म्हणाला होतात. एवढंच. वाद राहिलाच.

काकू आता पुण्याला मुलीकडे जाणार. "मुलीचं घर आहे, पण म्हणून मोकळ्या हातानं जायचं नाही मला," त्या आईला म्हणाल्या. बाकीची नाणी खन्नासाहेबांच्या ओळखीच्या दिल्लीवाल्याकडे जातील. राणीछाप मात्र गुरबचनसिंगजींना हवा आहे. ते फोनवर काकूंना म्हणाले, "भाभीजी, जो टेबल कहेगा, वही." म्हणजे टेबल जी प्रत ठरवेल तिच्या भावानं ते घेणार, एक शब्द न बोलता. खन्नासाहेब त्याला एक्स्ट्रीमली फाइन म्हणतीलच. वर्षानुवर्षं म्हणत आलेत. त्यात काकूंचं भलं होतं. तुमची मान वर राहत होती. आणि एका माणसाला, ज्यानं आपल्या मित्राची आठवण म्हणून ते मागितलं, आपण जे नाही ते विकत होतो.

म्हणून काका, चहा गाळताना मी उगाच वेळ काढत होते.

आणखी एक होतं. "आप ही शुरू कीजिए" हे खन्नासाहेबांनी गुरबचनसिंगजींना उद्देशून म्हटलं होतं. गेल्या उन्हाळ्यानंतर एकानं दुसऱ्याला थेट म्हटलेलं ते पहिलं वाक्य. मला वगळून का होईना, पण बोलले होते. ते मोडायला मी कोण?

मी ट्रे घेऊन बाहेर आले. गुरबचनसिंगजींनी कप घेतला, खाली ठेवला.

"नहीं, खन्ना साहब," ते म्हणाले. त्यांनी सरळ खन्नासाहेबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "पहले पुत्तर बोलेगी. टेबल मेजर साहब का है."

खन्नासाहेबांनी चष्मा काढला, पुसला. "हां," ते म्हणाले. "ठीक है. सॉरी, बेटा."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत. "हेच सगळ्यात चांगलं ना गं?" त्यांनी मला विचारलं. "हे नेहमी म्हणायचे, हेच सगळ्यात चांगलं."

डबी उघडी होती. या वेळी नाणं काढून द्यायला तुमचा हात नव्हता. मी नखानं राणी मखमलीतून उचलली, आणि अंगठा कुठे ठेवायचा ते मला ठाऊक होतं. तिरक्या रेघा होत्या तिथेच होत्या. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की अंगठा ठेवून ठेवून तुम्हाला त्या माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक असणार. मग दर दिवाळीला ते नाणं फक्त माझ्याच हातात का यायचं? तुम्ही ती जागा झाकत होता, की दाखवत होता? कदाचित तुमचंही ठरत नसेल. कदाचित म्हणूनच तुम्ही धाकट्याला आधी विचारायचात. हे मला आता कुणी सांगणार नाही, आणि काका, त्याबद्दल माझी तक्रार नाही. इतकी वर्षं कुणीतरी माझ्या मताची वाट बघत होतं, हे मला पुरतं.

"व्हेरी फाइन" माझ्या जिभेवर तयार होतं. ते म्हटलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं. खन्नासाहेब हसले असते, टेबल पुढे गेलं असतं.

पिंजौरला तुम्ही मागितलेला शब्द मी बसमध्ये शोधला होता, लायब्ररीत शोधला होता, तुमच्या घरच्या मोरीत कपबशा धुताना शोधला होता. एक शब्द मिळालाच नाही. मग मी साधं बोलायचं ठरवलं. आपण कोणत्या भाषेत बोलतो आहोत हे माझं मलाही कळलं नाही. खन्नासाहेब नंतर काकूंना अर्थ विचारू लागले तेव्हा लक्षात आलं. आवाज मोठा लागला, त्या खोलीत तो माझा आहे असं मलाच वाटलं नाही.

"हे व्हेरी फाइन नाही," मी म्हणाले. "चेहरा बघाल तर पेटीतलं आहे, काका म्हणायचे तसंच. पण मुकुटाच्या वर कडी जोडलेली होती. ती काढलीय, आणि कडेच्या रेघा नंतर हातानं घातल्यात. इथे अंगठा ठेवून बघा. याचा कोऱ्याचा भाव लावू नका. आणि खराब म्हणून लिहू नका. हे कुणीतरी गळ्यात घालत होतं."